पोरांची झोप आणि रात्रीची लाईट



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याचे पाचट याविषयी लिहीत असतो. या अंकात पोरांच्या झोपेविषयी लिहिणार आहोत. शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला पडावे, असे काही सभासदांना वाटेल. पण हा विषय आमच्याकडे आला तो उसाच्या वाटेनेच.

गेल्या जानेवारीत खोडव्याची पाहणी करीत दिंडोरी तालुक्यात फिरत होतो. एका गावाजवळ मोटारसायकल पंक्चर झाली आणि ती दुरुस्त होईपर्यंत आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसलो. चौथीचा वर्ग चालू होता. मागच्या रांगेत दोन पोरे दप्तरावर डोके टेकून गाढ झोपलेली. बाई त्यांना उठवीत नव्हत्या. आम्ही विचारले, तर म्हणाल्या, "साहेब, या आठवड्यात रात्रीची लाईट आहे ना. मळ्यातली पोरं अशीच येतात. मला लाईटीचा तक्ता बघावाच लागत नाही, वर्ग बघितला की कळतं."

कोणत्या फीडरला कोणत्या आठवड्यात रात्री लाईट आहे, याचा तक्ता आमच्या गट ऑफिसच्या भिंतीवर लावलेला असतो. तो पाहून आम्ही सभासदांना पाण्याची पाळी कधी द्यावी हे सांगतो. तोच तक्ता चौथीच्या पोरांच्या डोळ्यांत वाचता येतो, हे वीस वर्षांच्या नोकरीत आम्हाला ठाऊक नव्हते.

मळ्यातल्या घराची रात्र कशी असते हे आम्ही सांगायला नको. दोन खोल्या, एक पडवी. रात्री लाईट आली की मालक उठतो, बल्ब लागतो, चुलीवर किंवा गॅसवर चहा होतो, कुत्री भुंकतात. बारे फोडायला दुसरा माणूस लागतो, तो नसला की नववी-दहावीतल्या थोरल्याला हाक जाते. कधी कधी तर दहा वर्षांच्या पोराला बॅटरी धरायला नेतात. दोन तासांनी परत सगळे आत येतात, पाय धुतात, पुन्हा बल्ब. पोर निजलेले दिसते, पण त्याची झोप तीन ठिकाणी तुटलेली असते. सकाळी त्याला शाळेसाठी नेहमीच्या वेळीच उठवतात, आणि "आळशी झालाय" असे वर ऐकवतात.

आता पोराला झोप लागते तरी किती? अमेरिकेतील झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली सर्व संशोधन तपासून जे प्रमाण ठरविले ते असे : तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास. म्हणजे चौथीतले पोर सहाला उठणार असेल तर ते रात्री नऊला निजलेले पाहिजे. नऊला अंथरुणावर लोळत असून चालणार नाही, झोप लागलेली पाहिजे. आपल्याकडे मळ्यात नऊला ताटे वाढलेली असतात, ही खरी अडचण.

या झोपेत शरीर रिकामे बसत नाही. वाढीचा जो रस शरीरात तयार होतो, त्याचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या गाढ झोपेत सुटतो. दिवसभर जे शिकले ते पक्के होते तेही झोपेत. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला लावली. पाठ केल्यावर झोपले तर अक्षरे बरीच आठवत, तितकेच तास जागे राहिले तर बरीच पुसली जात. शंभर वर्षांत पुष्कळ प्रयोग झाले आणि मूळ गोष्ट टिकून राहिली. झोप ही लागणीनंतरच्या आंबवणीसारखी आहे. बेणे कितीही चांगले असले तरी आंबवणी चुकली की उगवण विरळ होते.

लागणीचा विषय निघाला म्हणून एक आणखी सांगतो. रात्र ओळखण्याची सवय फक्त माणसाला आहे असे नाही, आपल्या उसालाही आहे. पावसाळ्याच्या अखेरीस दिवस लहान होत साडेबारा तासांवर आला की ऊस तुऱ्याची तयारी करतो. तो मोजतो ती रात्रीची लांबी. त्या दिवसांत मध्यरात्री मध्येच थोडा वेळ उजेड पाडला तर तुरा धरत नाही, हे प्रयोगांत दिसले आहे. फ्रान्समध्ये डी मेरां नावाच्या शास्त्रज्ञाने १७२९ साली लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवून पाहिले, तर सूर्य न दिसताही ते वेळेवर पाने उघडी व मिटी. म्हणजे घड्याळ आतच आहे, बाहेरचा उजेड ते फक्त लावून देतो. २०१७ चे नोबेल पारितोषिक ज्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळाले, त्यांनी हेच घड्याळ चिलटाएवढ्या माशीत कसे चालते ते उकलले. पोराच्या डोक्यातही तेच घड्याळ आहे. सकाळचा उजेड ते पुढे ओढतो, रात्रीचा उजेड मागे ढकलतो. रात्री अकराला तोंडापुढे मोबाईल धरलेल्या पोराच्या घड्याळाला वाटते, अजून दिवस मावळायचा आहे.

यावरून करायचे काय ते निघते. शाळा जूनच्या मध्यात उघडेल. सुट्टीत पोरे बाराला निजतात, नऊला उठतात, मामाच्या गावी तर विचारूच नका. पुष्कळ घरी आदल्या रात्री ठरते की "उद्यापासून नऊला झोपायचं". पोर नऊला पडते आणि अकरापर्यंत छताकडे बघते, कारण त्याचे घड्याळ अजून सुट्टीतच आहे. आमचे सांगणे असे की, सुरुवात झोपण्यापासून करू नये, उठण्यापासून करावी. शाळेच्या आधी दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाव-अर्धा तास लवकर उठवावे आणि उठवल्याबरोबर अंगणात काढावे. दात घासणे अंगणात, दूध अंगणात, गोठ्यातले एखादे काम द्यावे. सूर्य डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप आपोआप अलीकडे येते. रविवारी एखादा तास जास्त झोपू द्यावे, पण दहापर्यंत लोळू दिले तर सोमवारी पुन्हा पहिले पाढे.

संध्याकाळचे चहाचे भांडे पोरांपुरते बंद करावे. आपल्याकडे चार वर्षांच्या पोरालाही बशीत चहा ओततात आणि कौतुकाने बघतात. चहातला उत्तेजक भाग शरीरातून निम्मा जायलाही पाच तासांच्या आसपास लागतात. सहाला घेतलेला चहा अकरालाही अंगात असतो. जेवण आठच्या आत उरकावे. घरची मंडळी नंतर जेवली तरी चालेल, पोरांना आधी वाढावे. मग रोज तोच क्रम : हातपाय धुणे, उद्याचे दप्तर भरणे, आजीजवळ पडणे, गोष्ट, दिवा बंद. क्रम कोणता हे महत्त्वाचे नाही, रोज तोच असावा हे महत्त्वाचे. बैलाला जू दिसले की तो मान पुढे करतो, तसे पोराला आजीची गोधडी दिसली की जांभई यावी. मोबाईल निजण्याच्या तासभर आधी पोरांच्या हातून घ्यावा. आपला स्वतःचाही बाजूला ठेवावा, नाहीतर पोर ऐकणार नाही, आणि त्याचे चुकतही नाही.

अंथरुणाबद्दल जून महिन्यात एक सांगितलेच पाहिजे. पाऊस लागला की मण्यार घरात शिरतो. तो रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्याला चावतो. चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही, पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. पोरांना खाटेवर निजवावे, मच्छरदाणी लावावी आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात. डासांपासूनही झोप वाचते. अशी लक्षणे दिसली तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखान्यात न्यावे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. रात्रीच्या लाईटीचा आठवडा टाळता येत नाही. ज्या फीडरवर सौर कृषी वाहिनी आली आहे, किंवा ज्यांनी स्वतःचा सौर पंप बसवला आहे, त्यांची रात्र सुटली. बाकीच्यांनी निदान एवढे करावे. पोरांचे अंथरूण त्या आठवड्यापुरते आतल्या खोलीत, दारापासून दूर घालावे. मधल्या खोलीत मोठा बल्ब न लावता पायाशी छोटा पिवळा दिवा ठेवावा. चहाचे सामान आणि बॅटरी पडवीत काढून ठेवावी, म्हणजे आत भांडी वाजणार नाहीत. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना मोबाईलवरच्या स्टार्टरने अंथरुणातून मोटार चालू करता येते. एकदा व्हॉल्व्ह संध्याकाळी लावून ठेवले की रात्री बाहेर जाण्याचे कारण उरत नाही. ठिबकाचे फायदे आम्ही आजवर पाणी आणि टनेज या दोनच खात्यांवर मांडत आलो, तिसरे खाते आमच्या लक्षात नव्हते.

दहा-बारा वर्षांच्या पोराला रात्री उसात नेऊच नये. निफाड, दिंडोरी, सिन्नर या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो, उसातच वितो, हे सर्वांना ठाऊक आहे. बॅटरी धरणारे पोर वाकले की ते बिबट्याला आणखी लहान दिसते. एका सभासदाने आम्हाला विचारले, "साहेब, मग माणूस आणायचा कुठून?" प्रश्न खरा आहे. शेजारच्या दोन-तीन मळ्यांनी मिळून एकमेकांची बारी धरण्याची जुनी पद्धत होती, सावड म्हणत. ती रात्रीच्या पाण्यापुरती तरी पुन्हा धरता येईल असे आम्हाला वाटते. एका शिवारात तिघा भावकीने गेल्या हंगामात तसे केले. आधी बोलाचाली झाली, पुढे चालले.

थोरल्या पोरांविषयी निराळे लिहावे लागेल. "पहाटेचा अभ्यास लक्षात राहतो" असे आम्हीही ऐकत मोठे झालो. आमचे वडील चारला उठवीत. पण तेव्हा आम्ही आठला निजत होतो, गावात लाईटच नव्हती. आज दहावीचे पोर अकराला निजते आणि बाप त्याला चारला उठवतो. पाच तास झोप झाली. पुस्तक समोर असते, डोळे ओळीवरून घसरतात, वाचलेले पान पुन्हा वाचतो. पहाटेचा अभ्यास चांगला तो पोर नऊला निजले असेल तरच. त्यातून वयात येणाऱ्या पोराचे आतले घड्याळच तास-दोन तास उशिरा सरकते, हे आता सिद्ध झाले आहे. त्याला नऊला झोप येत नाही यात त्याची खोड नाही. त्याला दहाला निजवून सहाला उठवले, तर आठ तास होतात आणि सहा ते साडेसातचा अभ्यास खरा अभ्यास होतो. शिवाय जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो. अशा काळोखात चारला उठलेल्या पोराने गोधडी ओढून पुस्तकावरच झोप काढली, तर त्याला दोष देता येत नाही.

आमच्या घरचेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे सर्व दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासारखे होईल. मुलगा सहावीत होता. गाळप हंगाम ऐन भरात. यार्डात गाड्यांची रांग, तोडीच्या तक्रारी, आम्ही घरी यायचो बारा-साडेबाराला. त्या सहामाहीत त्याचे गुण उतरले. सरांना वाटले डोळ्यांचा नंबर असेल, म्हणून नाशिकला नेऊन डोळे तपासले. नंबर नव्हता. औषधे, बदाम, सगळे झाले. एका रात्री आम्ही मोटारसायकल वेशीवरच बंद केली आणि ढकलत आणली, शेजारी आजारी होते म्हणून. सकाळी मुलगा रडत होता, "बाबा, तुम्ही आलाच नाहीत." तेव्हा उलगडले. तो रोज अंधारात डोळे उघडे ठेवून आमच्या गाडीचा आवाज यायची वाट बघत होता. तो आवाज आला की झोपत होता. आईला वाटे नऊलाच निजला. आम्ही ठरवले की सकाळची न्याहारी काही झाले तरी त्याच्याबरोबर करायची आणि रात्री नऊला यार्डातून त्याला फोन करायचा. एकदम फरक पडला नाही, महिनाभर लागला. तो हंगाम आम्हाला अजून आठवतो आणि बरे वाटत नाही.

शाळांच्या वेळेचाही भाग आहे. राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न काढला की पोरे उशिरा निजतात आणि शाळा त्यांना पहाटे उठवते. त्यावर शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निर्णय काढला आणि २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना याने फारसा फरक पडला नाही, त्या एरवी उशिराच भरतात. फरक पडायचा तो तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांना. तिथे वर्ग नऊचा असला तरी बस पहिला मळा कितीला घेते ते विचारावे. एक बस पंधरा वस्त्या फिरते आणि पहिले पोर सव्वातास आधी चढते. पालकांनी मिळून फेरीचा क्रम एका सत्रात उलटा करायला सांगितला, तर ओझे वाटून जाते. आणि पाचवीपासून पुढच्यांना हा निर्णय लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. शनिवारची आणि उन्हाळ्यातली सकाळची शाळा आली की आदली रात्र अलीकडे घ्यावी लागते.

काही पोरे सगळे नीट करूनही सकाळी पेंगतात. पोर रोज रात्री मोठ्याने घोरत असेल, तोंड उघडे ठेवून निजत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर घशातल्या गाठी वाढल्या असण्याचा संभव असतो. डॉक्टरांना दाखवावे, "बापासारखाच घोरतो" म्हणून हसू नये. रात्री बूड खाजवत उठत असेल तर जंत पाहावेत. शाळेत जंताची गोळी देतात ती पोराने खरोखर गिळली का, हे विचारावे. रक्त कमी असले तरी पाय वळवळतात आणि झोप तुटते. दर आठवड्याला शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, लहानांना गुलाबी, थोरल्यांना निळ्या. पुष्कळ पोरे त्या खिडकीबाहेर टाकतात, आमच्या माहितीतली आहेत.

राहिला आपल्या कारखान्याचा भाग. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होईल. रात्रभर ट्रॅक्टर वस्त्यांवरून जातात आणि चालक डुलकी लागू नये म्हणून मोठे स्पीकर लावतात. चालकाची अडचण आम्ही समजू शकतो, तोही माणूसच आहे आणि त्याचीही झोप झालेली नसते. पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर वाजवता येत नाही, आणि रस्त्यालगतच्या प्रत्येक घरात पोर निजलेले असते. तोडणी टोळ्यांच्या कोप्या जिथे पडतात तिथली पोरेही त्याच आवाजात निजतात, आणि त्यांचे आईबाप तर तीन-चारलाच उठून फडात जातात. त्या पोरांना मागे कोपीवर थोरली बहीण सांभाळते, तीच सकाळी आपल्या गावच्या शाळेत येऊन पेंगते. ज्या सभासदाच्या रानात कोप्या पडतील त्याने जागा रस्त्यापासून आत द्यावी, म्हणजे गाड्यांचे दिवे कोपीत शिरणार नाहीत.

तोडीची चिठ्ठी घेऊन रात्री नऊनंतर कोणाच्याही मळ्यावर हाका मारायच्या नाहीत, फोनवर कळवायचे, असे आम्ही आमच्या गटातील चिटबॉयना सांगितले आहे. तरीही कोणी आला तर आम्हाला कळवा. स्पीकर लावून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर, वेळ आणि रस्ता गट ऑफिसात लिहून द्यावा. पहिल्या खेपेला समज देऊ, दुसऱ्या खेपेला त्या वाहनाचा नंबर रांगेत मागे टाकण्याची शिफारस करू. सांगणाऱ्याचे नाव वाहनमालकाला कळणार नाही.